मदत हवी आहे: कोल्हापुरात मुलांना भूमिती कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सहावीत आहे. वहीत विशालकोन बरोबर काढते, पण बाहेर दिसला तर ओळखत नाही. काल चपातीला घडी घालायला लावली. पहिली घडी म्हणजे व्यास, दुसरीनंतर टोकाला काटकोन! तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणून रविवारी तिला नि मैत्रिणींना फिरवून आणायचं ठरवलंय.

खिद्रापूर पक्कं आहे. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात वर गोल मोकळं आभाळ आणि भोवती वर्तुळात 12 खांब. मधोमध उभं राहून शेजारच्या दोन खांबांकडे हात केले की मध्ये साधारण 30 अंशांचा कोन, कारण 360 भागिले 12. त्रिज्या, केंद्र वेगळं शिकवायलाच नको.

शहरात मात्र अडलंय. समलंब चौकोन आणि विशालकोन हाताने मोजता येतील अशा जागा कुठे आहेत? रंकाळा, भवानी मंडपाच्या बाजूला काही सुचतंय का? आणि कुणाच्या ओळखीचे गवंडीकाका असतील तर प्लीज सांगा. ते 3, 4 आणि 5 फुटांच्या मापाने पायाचा काटकोन तपासतात, तो मुलींना प्रत्यक्ष बघायचाय. शनिवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.