मदत हवी आहे : व्हर्जिनिया, १७२६ चं मृत्युपत्र आणि त्यातला 'जावई'

नमस्कार मंडळी. हे त्रांगडं माझ्या माहेरचं नाही, सासरचं आहे, आणि सासर अमेरिकन आहे. इथे वकिली केलेले, जमिनीचे जुने कागद चाळलेले, मोडी वाचणारे असे सगळे आहेत, म्हणून मराठीतच विचारते.

सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांच्या घरी जिन्यापाशी वंशावळीचा तक्ता फ्रेम करून लावलाय, त्यांच्या आत्याने हाताने काढलेला. सगळ्यात वर जॉन. (आडनाव मुद्दाम देत नाही, घरातली माणसं हयात आहेत.) हा एसेक्स काउंटीत रॅपहॅनॉक नदीच्या काठी तंबाखू पिकवायचा. जॉनच्या खाली त्याची मुलगी, तिचं नाव नाही, नुसती रेघ. रेघेला जोडून जावई विल्यम. आणि विल्यमपासून सरळ सासूबाईंपर्यंत. कोपऱ्यात बारीक अक्षरात पुरावा: 'जॉनचं मृत्युपत्र, जावई विल्यम'.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बसवून सांगितलं, तू कागद नीट वाचतेस, एवढी मुलगी शोधून दे. (घराच्या कर्जाचे कागद मी एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचले होते, तेवढ्यावर ही ख्याती.)

मृत्युपत्र फॅमिलीसर्चवर (वंशावळी शोधणाऱ्यांसाठी जुन्या कागदांची वेबसाइट) फुकट मिळालं. मूळ कागद नाही, कारकुनाने वहीत उतरवलेली नक्कल. अक्षर बरं आहे, पण 'जॉन' पूर्ण कुठेच नाही, सगळीकडे जे-एन-ओ. निम्मे एस एफसारखे दिसतात. चार संध्याकाळी घालवल्यावर हाती लागलं ते असं:

बायको एलिझाबेथ हिला राहतं घर आणि जमीन तिच्या हयातीपर्यंत, पुढे दोन धाकट्या मुलांना. थोरल्या टॉमसला एक शिलिंग. मेरी आणि ॲन या मुलींना एकेक पिसांची गादी पांघरुणासकट, 'लग्नाच्या दिवशी'. आणि मग हे वाक्य: 'माझा सन-इन-लॉ विल्यम' (पुढे त्याचं वेगळं आडनाव), 'याला तो एकवीस वर्षांचा झाला की एक कालवड आणि तिची पुढची वीण.'

आता माझे प्रश्न.

मृत्युपत्रावर तारीख २२ नोव्हेंबर १७२६ आहे. खाली कोर्टात शाबीत झाल्याची तारीख फेब्रुवारी १७२६. लिहायच्या नऊ महिने आधी शाबीत? कारकून चुकला का?

टॉमसला एक शिलिंग म्हणजे बापाने तोडलं का? घरात तशीच कथा आहे, कुणा नको त्या मुलीशी लग्न केलं म्हणून.

आणि मुख्य प्रश्न: दोन्ही मुली बिनलग्नाच्या, मग जावई आला कुठून? तिसरी मुलगी असेल तर तिचं नाव का नाही?

अजून एक. मृत्युपत्राच्या पुढच्या पानांवर मालमत्तेची यादी आहे. कथलाची ताटं, दोन घोडे, सतरा गुरं, आणि गुरांच्या खालच्या ओळींत तीन माणसं. नुसती पहिली नावं आणि पौंडात किंमत. त्यातली एक मुलगी आहे, वयही लिहिलेलं नाही, 'लहान' एवढंच. सासूबाईंकडे याच पानाची झेरॉक्स आधीपासून होती, गुरांच्या ओळीखाली कापलेली. याचं काय करू ते कळत नाहीये.

जुनादप्तरी :
ताई, तारखेबाबत कारकुनाला दोष देऊ नका. इंग्लंडच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे नोव्हेंबर १७२६ नंतर डिसेंबर १७२६, जानेवारी १७२६, फेब्रुवारी १७२६, आणि मार्चच्या शेवटी १७२७. तुमचा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२७ चा. माणूस लिहून तीन महिन्यांच्या आत गेला, सरळ आहे. आपल्याकडे शके चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत, तसंच समजा. टिपणात 'फेब्रुवारी १७२६/२७' लिहायची सवय ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा घोळ होईल.

शिलिंगाबद्दल: मी दिवाणी कोर्टात ३४ वर्षं काढली. बापाने बऱ्याचदा थोरल्याला त्याच्या वाट्याची जमीन आधीच दिलेली असते, मृत्युपत्रात मात्र नाममात्र काहीतरी लिहायचं, म्हणजे 'मला विसरले' असं म्हणत तो भांडायला यायचा नाही. १७२६ च्या आधीचं टॉमसच्या नावचं बक्षीसपत्र शोधा. खरेदीखतांच्या वहीत सापडेल.

नदीपलीकडची :
मी मेरीलँडला असते, आणि याच नदीच्या आसपासच्या काउंट्यांमध्ये आमच्या शेजारणीसाठी बरीच धूळ खाल्ली आहे.

जुनादप्तरींना एक जोड: तेव्हा व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन कायद्याने थोरल्या मुलालाच जायची. हे १७८५ च्या कायद्याने बदललं, अंमल १७८७ पासून. त्यामुळे थोरल्याचं नाव मृत्युपत्रात अजिबात नसलं तरी दचकायचं नसतं.

आता जावई. अहो, तुम्ही स्वतःच उत्तर लिहून ठेवलंय! एकवीस व्हायचाय, कालवड मिळणार आहे, मुली बिनलग्नाच्या. त्या काळच्या इंग्रजीत सन-इन-लॉ म्हणजे सावत्र मुलगासुद्धा. विल्यम हा एलिझाबेथचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा असणार. आडनाव वेगळं आहे तेही म्हणूनच. तिसरी मुलगी नाहीच. आत्याबाईंनी आजच्या अर्थाने वाचलं आणि जावयासाठी मुलगी तयार केली.

म्हणजे जॉन रक्ताचा पूर्वज नाही. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पुढे कुठे बघायचं: मृत्युपत्रांची वही बंद करा, ऑर्डर बुक उघडा. ऑर्डर बुक म्हणजे आपला कोर्टाचा रोजनामा, इंडेक्स यथातथाच असतो, पान पान बघावं लागतं. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला मालमत्तेची व्यवस्था मिळायची. तिने पुन्हा लग्न केलं की त्या व्यवस्थेसाठी तिला जामीन राहिलेले लोक घाबरायचे, नवा नवरा पोरांचा पैसा उडवेल म्हणून, आणि कोर्टात धावायचे. तिथेच दोन्ही नवऱ्यांची नावं एका ओळीत मिळतात. शिवाय 'ऑर्फन' शब्द शोधा. बाप गेला की मूल ऑर्फन, आई जिवंत असली तरी.

एसेक्समध्ये नाही मिळालं तर नदीपलीकडच्या रिचमंड काउंटीत बघा (रिचमंड शहराशी तिचा संबंध नाही, मी एक अख्खा दिवस त्यात घालवलाय). दोन्ही काउंट्या १६९२ मध्ये जुन्या रॅपहॅनॉक काउंटीतून निघाल्या. पहिला नवरा किंग अँड क्वीन काउंटीतला निघू नये अशी प्रार्थना करा. तिथलं दप्तर १८२८ ला जळलं आणि १८६४ ला पुन्हा.

त्या तीन नावांबद्दल: पान पूर्ण उतरवा, किमतींसकट, आणि वहीचं नाव नि पान क्रमांक देऊन सगळ्यांना दिसेल असं ठेवा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या शिरगणतीत सहसा मालकाचं नाव आहे, गुलामांचं मात्र नाव नाही, फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यांच्यातल्या बहुतेकांची पूर्ण नावं शिरगणतीत पहिल्यांदा आली ती १८७० ला. त्याआधीचं काही शोधणाऱ्याला अशाच याद्या लागतात. कापलेली झेरॉक्स फेकून द्या.

जुनादप्तरी :
'एकवीस झाला की' हे माझ्या नजरेतून सुटलं. सातबाऱ्यावर अपाक (म्हणजे अजून सज्ञान नसलेला) लागलेला पोरगा जावई कसा असेल! मान गये ताई.

धागाकर्ती :
उशिरा लिहितेय, माफ करा. तीन आठवडे रोज रात्री ऑर्डर बुक. फॅमिलीसर्चची हस्ताक्षर वाचून शोधणारी सोय वापरली, तिने विल्यमचं आडनाव चार ठिकाणी भलतंच वाचलं होतं, पण पाचव्या ठिकाणी बरोबर. १७१९ ची नोंद: जॉन 'आणि त्याची बायको एलिझाबेथ, हेन्री मयत याच्या मालमत्तेची व्यवस्थापक', यांनी हिशेब सादर करावा. हेन्रीचं आडनाव विल्यमचंच. जामीनदार दोन, आणि तक्रार त्यांचीच!

टॉमसचं बक्षीसपत्रही मिळालं, दीडशे एकर, १७२२. तोडलं वगैरे काही नाही.

सासूबाईंना रविवारी सांगितलं. त्या बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे एलिझाबेथ आपलीच ना? म्हटलं हो, ती आपलीच. मग पूर्ण यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती तीन नावं मोठ्याने वाचली आणि ते पान त्यांच्याकडेच ठेवून घेतलं.

आता हेन्रीच्या मागे लागायचं आहे. १७१९ च्या आधी एसेक्समध्ये त्याच्या नावावर जमीनच दिसत नाही. नदीपलीकडची, रिचमंड काउंटीच्या वह्यांत आधी खरेदीखतं बघू की ऑर्डर बुक?