मदत हवी आहे: बाबांच्या जागलीसाठी झाडावर आरामशीर बैठक कशी बांधावी?

नमस्कार मंडळी,

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात आहे, बोर अभयारण्याच्या जंगलापासून फार लांब नाही. तूर उभी आहे, बाजूच्या पट्ट्यात हरभरा उगवलाय, आणि डुक्कर अन् रोही (नीलगाय) दोघंही पाठ सोडत नाहीयेत. डुकरांचा कळप खातो कमी आणि उकरून ठेवतो जास्त, रोही येऊन हरभऱ्याचे शेंडे साफ करतो, त्यामुळे आता पीक घरात येईपर्यंत बाबांची रोजची जागल. वय साठीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखतात, कंबर धरते, पण ऐकणार नाहीत. आईचं सांगून झालं, माझं सांगून झालं. मी नोकरीमुळे नागपूरला असते, शनिवार-रविवारी गावाला जाते, मग शेवटी मी ठरवलं की जाणारच असतील तर बसायला तरी धड असू दे आणि ते मीच बांधून देते.

आधीच सांगून ठेवते म्हणजे विषय भरकटणार नाही, हे शिकारीसाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तो प्रश्नच नाही आणि बाबांनाही जनावर मारायचं नाही, बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, हाकलायचं, एवढंच. आणि कृपा करून तारेत लाइनचा करंट सोडायचा सल्ला कोणी देऊ नका, आमच्या भागात त्याने वाघही मेलेत आणि माणसंही. तसल्या वावरात मी बाबांना पाय ठेवू देणार नाही.

आत्ता जे मचाण आहे ते चार बल्ल्यांवर बांबूच्या काड्या टाकून केलेलं, खांद्याएवढ्या उंचीचं. त्यावर मांडी घालून बसायचं किंवा आडवं व्हायचं, तिसरा प्रकार नाही. पाठीला टेकू नाही. थोड्या वेळाने पायाला मुंग्या येतात, गुडघा आखडतो, मग बाबा पाय मोकळे करायला खाली उतरतात आणि अंधारात धुऱ्याने (बांधावरून) चालत सुटतात. मला खरी भीती याची आहे. बिबट आमच्याकडे नवीन नाही, वाघाचे पगमार्कही नाल्यात दिसतात, रात्री मण्यार पायाखाली येऊ शकते. अंग दुखलं की माणूस खाली उतरतो, म्हणून मला बैठक अशी हवी की रात्रभर उतरावंसंच वाटू नये आणि पहाटे डोळा लागला तरी माणूस कलंडू नये. गावातले लोक म्हणतात एवढी खुर्ची कशाला, गोधडी टाक. गोधडीने गुडघा सरळ होत नाही ना.

झाडं दोन आहेत. नाल्याकडचा मोह आणि मधल्या धुऱ्यावरचा कडुलिंब. मोह मोठा आहे पण मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडायला लागली की अस्वल त्याखाली येतं, आणि हरभरा उशिरा निघाला तर तेव्हाही बाबा तिथेच असणार, शिवाय त्याच्या एका फांदीत ढोली आहे. म्हणून कडुलिंब. साधारण बारा फुटांवर त्याला दोन जाड फांद्या फुटतात, तिथून तूर आणि हरभरा दोन्ही दिसतात. आग्या मोहोळ नाही, जवळून विजेची लाइन जात नाही, वरची एक वाळकी फांदी आहे ती आधी उतरवून घेणार.

माझा बेत असा आहे. घरात एक जुनी सागाची बाज पडून आहे, तिचे गाते-खूर (आडव्या दांड्या आणि पाय) अजून टणक आहेत. ती कापून खुर्चीसारखी चौकट करायची, रुंदी दोन फूट, खोली सतरा इंच, आणि फळीऐवजी नवार विणायची म्हणजे अंगाच्या आकाराने थोडी खाली बसते आणि हवा पण खेळते. बाबा घरी ज्या खुर्चीत जास्त वेळ बसतात ती मोजली, जमिनीपासून सतरा इंच भरली, म्हणून पाय ठेवायची फळी बैठकीच्या सतरा इंच खाली घेणार. पाठीचा टेकू खांद्यापर्यंत आणि जरासा मागे कललेला. समोर कोपराच्या उंचीला आडवा बांबू, त्यावर हात पण टेकतील आणि बॅटरी पण. वर तुराट्यांचं किंवा तट्ट्याचं छप्पर, कारण दवाने पहाटेपर्यंत सगळं ओलं होतं.

अडलंय ते असं. ही चौकट दोन फांद्यांवर टिकवायची कशी, खिळे मारू, बोल्ट टाकू की नुसती दोराने बांधू, यात गावात प्रत्येकाचं मत वेगळं आहे. नवार सुती घ्यावी की प्लास्टिकची? गुडघे दुखणाऱ्या माणसाला बारा फूट चढायला शिडी कशी असावी? आणि कमरेला दोर बांधून बसलं तर चालतं का, बाबा म्हणतात तेवढं पुरे, माझं मन मानत नाही. कोणी स्वतः बांधलं असेल, नाहीतर रात्र-रात्र मचाणावर बसलं असेल तर जरा तपशिलात सांगा.

प्रतिसाद (सुतारकाम करणारा, सांगली)

ताई, बाजेची कल्पना चांगली आहे, गाते सागाचे असतील तर वजनाची चिंता नाही, फक्त जुन्या भोकांपाशी चीर गेली आहे का ते बघून तेवढा तुकडा वगळा.

खिळे नको. झाड जाडीने वाढतं आणि फळीला हळूहळू बाहेर ढकलतं, खिळा निम्मा निघाला तरी वरून कळत नाही आणि एक दिवस वजन पडलं की सुटतो. आणि जवळजवळ खूप खिळे मारले की तेवढा भाग कुजतो. मारायचाच तर एका ठिकाणी एकच जाड बोल्ट. पण मी तुमच्या जागी असतो तर बांधलं असतं. दोन आडव्या बल्ल्या फांद्यांच्या बेचक्यात टाका, खाली साल आणि बल्ली यांच्या मधे ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी, आणि मग दोर. ट्यूब सालीवर घट्ट धरते, सरकत नाही. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, वाऱ्याने दोन फांद्या वेगवेगळ्या हलतात. बल्ली दोन्हीकडे गच्च आवळली तर काहीतरी तुटणारच, बांधणी नाहीतर लाकूड. म्हणून एक टोक गच्च आणि दुसरं टोक फांदीवर टेकवून, बांधायचं पण त्याला थोडी हलायला जागा ठेवायची, आणि ते टोक फांदीच्या पलीकडे फूटभर बाहेर येऊ द्यायचं. पुढच्या हंगामाआधी सगळे दोर सोडून नव्याने बांधा, नाहीतर ते सालीत रुततात आणि झाडाचं अन्न सालीतूनच खाली जातं, फांदी मरते आणि मग तीच धोकादायक.

बाबांना बसवायच्या आधी त्यावर युरियाच्या तीन बॅगा ठेवा. एक पंचेचाळीस किलोची, म्हणजे एकशे पस्तीस किलो. एक रात्र राहू द्या, सकाळी बांधणी किती उतरली ते बघा.

प्रतिसाद (दोराचं काम आणि गिर्यारोहण, पुणे)

कमरेच्या दोराबद्दल तुमचं मन मानत नाही ते बरोबर आहे, अजिबात नको. पडताना सगळा झटका कमरेवर आणि मणक्यावर येतो, माणूस उलटाही होतो आणि लटकल्यावर श्वास घेता येत नाही. टॉवरवर किंवा बिल्डिंगला रंग देणारे घालतात तो फुल बॉडी हार्नेस घ्या, खांदे आणि मांड्या दोन्हीला पट्टे असलेला. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो, त्यावर आयएस ३५२१ लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या.

तो बांधायचा कुठे हे जास्त महत्त्वाचं. खोडाला डोक्याच्या वर बांधा आणि बसल्यावर दोर जेमतेम सैल राहील इतकाच लांब ठेवा. पायाशी बांधला तर सहा फूट पडल्यावर झटका बसणार. आणि लोक बसल्यावरच हुक लावतात, पण घोळ होतो चढताना-उतरताना, शिडीवरून खुर्चीत जायच्या त्या एका पावलात. म्हणून वरून जमिनीपर्यंत एक दहा-अकरा मिलिमीटरचा दोर कायमचा सोडून ठेवा आणि त्यावर बारीक दोरीची प्रुसिक गाठ, हार्नेस तिला अडकवायचा. गाठ हाताने वर सरकते, झटका बसला की आवळते. म्हणजे पाय जमिनीवर असल्यापासून बाबा बांधलेले. खिशात एक दोरीचा फास पण द्या, समजा लटकलेच तर त्यात पाय घालून उभं राहता आलं पाहिजे, नुसतं लटकून राहिलं तर पायात रक्त साठतं आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. मोबाइल हाताला येईल असा छातीच्या खिशात, पिशवीत नाही.

शिडी बारा फुटांसाठी बुडाला तीन फूट बाहेर घ्या, वरचं टोक बैठकीच्या वर तीन फूट जाऊ द्या म्हणजे धरायला राहतं, आणि वर-खाली दोन्हीकडे बांधून टाका. पायऱ्या जवळजवळ, दहा इंचांवर, गुडघ्याला तेवढं बरं. हातात काही घेऊन चढायचं नाही, बॅटरी, पाणी, घोंगडी सगळं पिशवीत घालून नंतर दोरीने वर ओढायचं.

प्रतिसाद (कास्तकार, अमरावती जिल्हा)

ताई, माझी सगळी उमर जागलीत गेली. बांबू लागेल तो मानवेल घे, भरीव असतो, कटांग पोकळ, बसायच्या कामाचा नाही. यंदा तोडलेला हिरवा बांबू लगेच वापरू नको, दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळव, नाहीतर भुंगा आतून पीठ करून टाकतो आणि बाहेरून तसाच दिसतो.

नवार प्लास्टिकची घे. सुती दव पिते, खाली लोंबते आणि एका हंगामात कुजते. प्लास्टिकची सरकते म्हणून वरून घोंगडी टाक, लोकर ओली झाली तरी गार पडत नाही. फोम-बिम नको, स्पंजसारखं पाणी धरतो. आणि पुढची कड, जिथे मांडी संपते, तिथे पोत्याची गुंडाळी बांध, चौकटीची धार गुडघ्याच्या मागे लागली की त्यानेच पाय मरतात, गुडघ्याला नाव जातं. पायाच्या फळ्या दोन कर, एक तू म्हणते त्या उंचीला, दुसरी थोडी पुढे आणि वर, म्हणजे पाय लांब करता येतात. बारा तास एकाच आसनात कोणी बसू शकत नाही, कितीही चांगली खुर्ची असो.

उंचीवर भरवसा ठेवू नका, बिबट झाडावर चढतो. एकट्याने जागल करू देऊ नका, शेजारच्या वावरातल्या लोकांना धरून पाळी लावा, एकमेकांना हाका देत बसायचं. अवकाळी ढग दिसले की झाडावर बसायचंच नाही, पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळ वीज पडण्याची सूचना देतं, बाबांच्या फोनमध्ये टाकून दे. आणि झटका मशीन का नाही लावत? बॅटरीवरचं असतं, कुंपणाच्या तारेतून ठोका देतं पण जीव घेत नाही. वनखात्याच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळतं, गावच्या वनरक्षकाला विचार. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत अर्ज टाक, पंचनामा झाल्याशिवाय पैसे येत नाहीत.

प्रतिसाद (नागपूर)

मी बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्र काढलेली आहे. माझा एकच मुद्दा, बैठकीचं तोंड. आमच्या मचाणावर समोर बघायला मान सतत एका बाजूला वळवावी लागत होती आणि सकाळी मान हलेना. बाबांना हरभरा समोर आणि तूर डाव्या हाताला यावी असं काहीतरी करा, आणि खोड पाठीमागे येऊ द्या, त्याने वारा पण अडतो. चांदणं असेल तेव्हा एकदा संध्याकाळी त्यांना तिथे बसवून मगच चौकट पक्की करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काका, झटका मशीन आहे आमच्याकडे, पण एकाच बाजूला. नाल्याकडच्या बाजूला गवत तारेला लागतं आणि ठोका मरतो, बाबा गवत कापतात, पावसाळ्यात पुन्हा वाढतं. अनुदानाचं सोमवारी विचारते. पाळीचं बाबांशी बोलले, शेजारचे दोन घरं तयार आहेत, तर बैठक एकाऐवजी दोघांची करावी का असं आता डोक्यात आहे. पण कडुलिंबाच्या त्या बेचक्यात चार फूट रुंद चौकट बसेल असं वाटत नाही आणि वजनही दुप्पट.

सांगलीवाले दादा, त्यापेक्षा असं केलं तर? मागची बल्ली झाडाच्या बेचक्यात आणि पुढची बल्ली खालून दोन सागाच्या खांबांवर, म्हणजे निम्मा भार जमिनीवर जाईल. खांब दोन फूट गाडून, बुडाला डांबर लावून. वाऱ्याने झाड हलणार आणि खांब हलणार नाहीत, मग झाडाकडचं टोक सैल ठेवायचं की खांबाकडचं? रविवारी खड्डे खणायला घेतेय, त्याआधी एवढं सांगाल का? आणि दोघांच्या हार्नेससाठी खोडावर दोन वेगळे दोर बांधायचे ना, की एकाच दोरावर दोन्ही गाठी चालतात?