थॅलेसेमिया मायनरच्या रिपोर्टवरून

साने काकू (बी-२०४): कॅम्पचे रिपोर्ट आले. माझा एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.१ टक्के, म्हणजे जास्त. थॅलेसेमिया मायनर म्हणे, रक्ताच्या आजाराचा एक बिघडलेला जीन! साठी उलटली, कधी त्रास नाही. जीन बिघडलेला असून मी ठणठणीत कशी?

देशमुख (सी-५०१): लोहाच्या गोळ्या सुरू करा.

मृण्मयी (ए-३०३): नको हो काका, आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायचं 🙏
काकू, बीटा ग्लोबिन ही हिमोग्लोबिनमधली एक साखळी, तिच्या जीनच्या दोन प्रती असतात. तुमची एक धड आहे, तिच्यावर भागतं. दुसरीचं म्हणाल तर, भूमध्य समुद्राकाठच्या देशांत सापडणारा ३९व्या कोडॉनचा (तीन अक्षरी शब्दाचा) बदल घ्या. सीएजीचं टीएजी होतं, ही 'थांबा'ची खूण, म्हणजे १४६ अमिनो आम्लांची साखळी ३८ वरच थांबणार. पण पेशी तिथवर जाऊच देत नाही, जीनची नक्कल, म्हणजे एमआरएनएच, बहुतेक नष्ट करते.

साने काकू: तिला कसं कळतं? थांबा तर शेवटीही असतोच ना?

मृण्मयी: खरी गंमत तीच. एमआरएनए तुकडे जोडून बनतो. जोडाच्या २०-२४ अक्षरं अलीकडे प्रथिनांचा गठ्ठा बसतो. पहिल्या वाचनात रायबोसोम (साखळी बनवणारं यंत्र) वाटेतले गठ्ठे पाडत जातो. नेहमीचा थांबा शेवटच्या तुकड्यात, तोवर सगळे पडलेले. मधेच थांबला आणि पुढे गठ्ठा उरला, की यूपीएफ१ हे प्रथिन कामाला लागतं. मग एसएमजी६ एमआरएनए कापतं, बाकीची एन्झाइम्स तुकडे संपवतात.

पाटील (सेक्रेटरी): उद्या टाकी सफाई, पाणी १० ते १ बंद. चालू द्या.

देशमुख: एवढा खटाटोप कशाला? बनली अर्धवट साखळी तर बनली.

मृण्मयी: तेच महागात पडतं. थांबा १२१व्या कोडॉनला आला तर तो शेवटच्या तुकड्यात पडतो. पुढे जोडच नाही, त्यामुळे एमआरएनए सुटतो. लांबलचक अर्धवट साखळ्या लाल पेशी घडतानाच आत साचतात. दुसरी प्रत धड असूनही माणूस आजारी.

देशमुख: म्हणजे साखळी जास्त पूर्ण झाली तर जास्त वाईट? अजब आहे!

मृण्मयी: हो ना 😄 काकूंचा बदल कोणता ते डीएनए तपासणीतच कळेल. भारतात सर्वांत जास्त दिसणारा आयव्हीएस १-५, त्यात तुकडे जोडण्यातच चूक होते.

साने काकू: आमच्या निनादचं लग्न ठरतंय गं.

मृण्मयी: मग त्याची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा, नुसतं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नको. तो मायनर निघाला तर मुलीचीही. दोघं मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर (गंभीर आजार असलेलं) असण्याची शक्यता २५ टक्के.

साने काकू: उद्याच नेते त्याला.

देशमुख: १० च्या आत आंघोळ उरकायला सांगा.