लॅपटॉप घेतला की स्टुडिओ शिकायची गरज नाही म्हणे!

खर्जातला
काल एका ग्रुपवर वाचलं: "पुण्यात रेकॉर्डिंगच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सवर दीड लाख घालवू नका. तेवढ्यात लॅपटॉप, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), माइक सगळं येतं. बाकी यूट्यूब आहेच." खाली लाइकचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते फार लांबलं, म्हणून इथे धागा काढतोय.

वीस वर्षं याच धंद्यात आहे. घरी शिकलेली पोरं माझ्याकडे येतात आणि मिक्स झकास करतात, खोटं कशाला बोलू? परवा अशाच एकाला म्हटलं, तबल्याला दोन माइक लाव. लावले. दोन्ही फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) वर केले आणि डग्ग्याचा घुमाराच गायब! पोरगा पंधरा मिनिटं ईक्यूवर लो-एंड, म्हणजे खालचे सूर, उचलत बसला. इकडे एसीत तबल्याचा सूर हलतोय, तबलजींचा चहा गार झालाय. शेवटी मी उठलो, एक माइक सरकवला. घुमारा परत. दोन माइकवर एकच आवाज मागेपुढे पोचला की लाटा एकमेकींना खातात, त्या फेजची व्याख्या त्याने घडाघडा म्हणून दाखवली असती. माइकमधलं अंतर माइक ते वाद्य अंतराच्या तिप्पट ठेवायचा तीनास एकचा नियमही पाठ होता. पण समोर घडत असताना कानाला कळलं नाही. यूट्यूबवर चूक दुसऱ्याची असते हो, आणि ती आधीच दुरुस्त झालेली असते.

वनबीएचके_रेकॉर्ड्स
काका, आदर ठेवून असहमत. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून जिंगल्स करतो, त्यावर घर चालतं. मला तबला रेकॉर्ड करायला कोण बोलावतंय? आणि 'हँड्स-ऑन'चं तर सांगूच नका. असा एक कोर्स केलाय, नाव घेत नाही. बॅचमध्ये अठरा जण, कन्सोल (मिक्सिंगचं टेबल) एक. तीन महिन्यांत माझा हात फेडरवर एकूण तासभर असेल. बाकी वेळ सरांची पाठ बघितली. हँड्स होते, पण सरांचे.

खर्जातला
अठरा जणांत एक कन्सोल ही लूट आहे, मान्य. पण भटजी वाईट निघाला म्हणून कोणी लग्न करायचं सोडत नाही.

स्पूलवाले_आजोबा
दोघांचंही चुकतंय. आम्ही दोन इंची टेपवर शिकलो. सेकंदाला १५ इंच वेगाने एक रीळ ३३ मिनिटांत संपायचं, आणि रीळ महाग. बटण दाबायच्या आधी दहादा ऐकायचो. आता चाळीस टेक घ्या, नंतर जोडा. आणि ख्याल गाणाऱ्याच्या कानात क्लिकची टकटक कसली सोडता? विलंबित एकतालाला मेट्रोनोम लावणाऱ्याला स्टुडिओतून बाहेर काढायला हवं.

अथर्वची_आई
माझा मुलगा बारावीला आहे, त्याला हेच करायचंय. एफटीआयआय (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) कसं राहील? घरापासून जवळ आहे.

खर्जातला
ताई, तिथल्या साउंडच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी पदवी लागते, आणि तो मुख्यतः सिनेमाचा साउंड. रसूल पूकुट्टी तिथलेच, पण त्यांचं २००९चं ऑस्कर 'स्लमडॉग मिलियनेअर' चित्रपटाच्या साउंड मिक्सिंगसाठी होतं, गाण्यांसाठी नाही. मुलाने आधी पदवी पूर्ण करावी. खासगी कोर्स बघायचा झाला तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा, तास संपल्यावर मुलाला एकट्याला स्टुडिओ मिळतो का. "हो हो, बघू" म्हणाले की निघा.

वनबीएचके_रेकॉर्ड्स
फेजबिज सोडा. माझा खरा शत्रू नदीपात्रातला ढोल पथकांचा सराव आहे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी माझं व्हॉइस रेकॉर्डिंग बंद. भिंतभर अंड्याचे ट्रे चिकटवले, तरी तेच.

टिपरू
आलाच का ढोल मध्ये! मांडवापुढे डीजेच्या भिंती लागतात तेव्हा तुमचे माइक झोपलेले असतात का?

वनबीएचके_रेकॉर्ड्स
डीजे दहा दिवस, तुम्ही साठ. गणित येतं ना?

टिपरू
येतं. कोथरूडला नदी किती लांब, तेही येतं. पुण्याची परंपरा खुपत असेल तर हिंजवडीत जा राहायला.

खर्जातला
अरे भांडू नका. अंड्याचे ट्रे काढ आधी. ६० हर्ट्झची लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. पुठ्ठा तिला काय अडवणार? ट्रेने वरच्या पट्टीतली थोडी खणखण मरते, एवढंच. बाहेरचा आवाज थांबवायला वजनदार भिंत लागते आणि दाराखिडक्यांच्या फटी बंद लागतात. हे कोणत्या व्हिडिओत नव्हतं का?

वनबीएचके_रेकॉर्ड्स
ट्रे व्हिडिओतच बघून लावले होते.

स्पूलवाले_आजोबा
हा हा हा.

टिपरू
आता विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या वर्षी पथकाचं रेकॉर्डिंग करायला एक 'प्रोड्यूसर' आला, लॅपटॉप घेऊन. पहिल्या रांगेत ताशांच्या तोंडाशी माइक. सगळं फाटलं, पत्र्यावर गारा पडल्यासारखं. मग एका दादाच्या ओळखीचे गृहस्थ आले. अर्धा तास नुसते फिरत ऐकत राहिले, आम्हाला वाटलं माणूस टाइमपास करतोय. मग दोनच माइक, बरेच मागे, उंच स्टँडवर. हाताची थापीही आली, काठीचं टिपरूही वेगळं ऐकू आलं. माझा या वादाशी संबंध नाही, पण ते गृहस्थ काही यूट्यूबवर शिकलेले दिसत नव्हते.

वनबीएचके_रेकॉर्ड्स
म्हणजे दीड लाखाचं ज्ञान एवढंच, की माइक लांब ठेवा. फुकट मिळालं, धन्यवाद.

खर्जातला
किती लांब ते सांग की मग.

वनबीएचके_रेकॉर्ड्स
...

खर्जातला
शनिवारी ये स्टुडिओत. तबलजी आहेत. फी नाही, लॅपटॉप घरी ठेवून ये.

वनबीएचके_रेकॉर्ड्स
येतो. शनिवारी ढोलांमुळे घरी तसंही काही होत नाही. पण माझं मत बदललंय असा गैरसमज नको.

अथर्वची_आई
माझ्या मुलालाही पाठवू का?