अनुभव धागा: नाते संपवल्यानंतरची उलटतपासणी

नाते संपवण्याचा निर्णय एकदाच घेतला जातो, त्याची उलटतपासणी मात्र पुढे कित्येक महिने चालते. आपण घाई तर केली नाही ना, आणखी थोडे थांबायला हवे होते का, मुळात या माणसाला होकार दिलाच कसा, असे प्रश्न रात्री पाठ टेकली की हजर होतात. त्या उलटतपासणीचे अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. सल्ले नकोत, शंका नेमकी कुठून आली आणि जुन्या निर्णयावर विश्वास ठेवायला कशाचा आधार मिळाला, तेवढे सांगावे. ज्यांनी निर्णय फिरवला त्यांनीही अवश्य लिहावे. समोरच्या व्यक्तीची ओळख पटेल असे तपशील कृपया टाळावेत. सुरुवात मीच करते.

आम्ही वेगळे झाल्यावर काही महिन्यांनी मला त्याचे फक्त चांगलेच आठवू लागले. माझ्या आजारपणातली त्याची जागरणे आठवत, तो खळखळून हसायचा ते आठवे, आणि अशा माणसाला आपण सोडले म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट असली पाहिजे, असे वाटे. सुदैवाने मी त्या काळात रोजनिशी लिहीत होते. 'आज निघायला उशीर होईल' एवढे कळवल्यानंतर त्याचे उत्तर येईपर्यंत पोटात गोळा यायचा, हे तिच्यात माझ्याच अक्षरात, वेगवेगळ्या तारखांखाली, जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेले सापडले. ते वाचेपर्यंत तो गोळा मी साफ विसरले होते. कडू आठवणींची धार गोड आठवणींच्या धारेपेक्षा लवकर बोथट होते, असे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळले आहे. जगायला ही सोय चांगलीच म्हणायची. पण जुना निर्णय तपासायला बसल्यावर त्याच्या बाजूचा पुरावाच तेवढा पुसट झालेला असतो. म्हणून आता शंका आली की मी आठवणीला विचारत नाही, वही उघडते.

* * *

माझी शंका उलट्या दिशेची होती. नाते मोडले ते योग्यच झाले, याबद्दल मला कधी संशय नव्हता. मी ते जोडलेच का, हा प्रश्न छळत होता. सगळी लक्षणे पहिल्या भेटीपासून डोळ्यांसमोर होती आणि मला ती दिसली नाहीत, असे मी ज्याला त्याला सांगत असे. माझा पेशा शिकवण्याचा आहे, त्यामुळे बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचा १९७५ सालचा प्रयोग मी वर्गात अनेकदा समजावला होता. त्याने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचे वर्णन वाचायला दिले आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट खरे म्हणून सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला गेला, त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटू लागला. हे शिकवताना त्याचा माझ्या लग्नाशी काही संबंध असेल, असे मनात आले नव्हते. मग मी एकदा नीट बसून आठवले, की होकार देताना मला खरोखर काय काय ठाऊक होते. तिचे कामावरचे प्रेम ठाऊक होते, माझ्या घरच्यांशी वागण्यातला मोकळेपणा ठाऊक होता. पैशांबाबतची लपवाछपवी ठाऊक नव्हती, कारण ती लपवलेलीच होती. हाती असलेल्या माहितीवर तो होकार रास्त होता, आणि ते मान्य केल्यापासून नव्या माणसांना भेटताना मी स्वतःकडे संशयाने पाहत नाही.

* * *

मी नाते सोडले नाही, मला सोडले गेले. तेव्हा निर्णयावर विश्वास ठेवण्याची भाषा मला लागू नाही, असे बरेच दिवस वाटत होते. पण पुन्हा विनवण्या करायच्या नाहीत, हा निर्णय माझाच होता, आणि तो दर आठवड्याला डळमळायचा. हेलन फिशर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली नुकताच नकार पचवत असलेल्या १५ जणांच्या मेंदूचे चित्रण केले होते. ही माणसे जागेपणाचा ८५ टक्क्यांहून अधिक वेळ त्या व्यक्तीच्या विचारात घालवत असल्याचे सांगत होती, आणि तिचे छायाचित्र पाहताना त्यांच्या मेंदूतले जे भाग जागे होत, त्यांतले काही कोकेनच्या तलफेशी संबंधित होते. हे वाचून दुःख कमी झाले नाही. मात्र फोनकडे हात जातो म्हणजे आपला निर्णय चुकला आहे, हा समज गळून पडला.

* * *

इथे सगळेच जुन्या निर्णयाची बाजू घेत आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. मी निर्णय फिरवला आणि आम्ही पुन्हा एकत्र आहोत. दोघांच्याही घरी आजारी वडीलधारी माणसे होती, कुणालाही जागा सोडता येत नव्हती आणि जवळजवळ प्रत्येक संभाषण भांडणात संपत होते, म्हणून आम्ही थांबलो. पुढे ती परिस्थिती बदलली. परत जाण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: तेव्हाचे कारण आज उरले आहे का? ते उरले नव्हते. ते कारण तसेच असते आणि मला फक्त एकटे वाटत असते, तर मी परत गेलो नसतो. आज एकत्र असूनही तेव्हा वेगळे होणे बरोबरच होते, असे आम्ही दोघेही मानतो. हे ऐकून लोक गोंधळतात, त्याला आमचा इलाज नाही.

* * *

मला स्वतःला शंका फारशी नव्हती, ती इतरांनी आणून दिली. 'मुलाकडे पाहून तरी जरा सोसायचे होते' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले, की ते माझेच वाटू लागले. आपला विचार कोणता आणि ऐकून ऐकून डोक्यात बसलेला कोणता, हे वेगळे करायला मला घटस्फोटापेक्षा जास्त वेळ लागला.

* * *

माझ्याकडे रोजनिशी नव्हती, मैत्रीण होती. वेगळे होण्याआधीचे सगळे मी तिला वेळोवेळी सांगत आले होते. नंतर जेव्हा जेव्हा मी 'तो इतका वाईट होता का गं?' असे विचारी, तेव्हा तिने स्वतःचे मत कधीच दिले नाही. 'तू मला अमुक दिवशी हे सांगितले होतेस,' एवढेच ती म्हणे, आणि माझेच वाक्य मला ऐकवे. एकदा मी रागाच्या भरात त्याला सरसकट वाईट ठरवू लागले, तेव्हा मी केलेले त्याचे कौतुकही तिने त्याच कोरड्या सुरात ऐकवले. मला ते मुळीच आवडले नाही. पण त्यामुळेच तिच्या बाकीच्या आठवणींवर माझा विश्वास बसला, आणि त्याच्या वाढदिवसाला पाठवण्यासाठी लिहून ठेवलेला लांबलचक मेसेज मी तिच्यासमोरच पुसून टाकला.