वर्षाची कमाई चांगली, तरी मधेच खातं रिकामं. फ्रीलान्सवाले स्वतःचा पगार कसा ठरवता?

कोरापान:
नमस्कार मंडळी. मी इलस्ट्रेशन आणि पुस्तकांचं लेआउट करते, नोकरी सोडून आता पूर्णवेळ हेच. कामाला तोटा नाही, वर्षाचा एकूण आकडा बघितला तर नोकरीपेक्षा जास्तच येतं. तरी दर दोन-तीन महिन्यांनी एक आठवडा असा येतोच की भाडं आणि हप्ता समोर उभे, खात्यात काही नाही, आणि चार इनव्हॉइस बाहेर अडकलेले. मग कार्ड वापरावं लागतं. पुढच्या महिन्यात एकदम तीन पेमेंट येतात, कार्डाचं काही भरलं जातं काही राहतं, आणि पैसा दिसला की घरातली तुंबलेली खरेदी निघते. त्यात एकच क्लायंट माझी निम्मी कमाई देतो आणि त्यांचे पैसे यायला ४५ दिवस, कधी ६०. बजेट बनव असं सगळेच सांगतात, पण उत्पन्नच ठरलेलं नाही तर बजेट कशावर बनवायचं? घरखर्चाला महिन्याला किती घ्यायचं हे तुम्ही कसं ठरवता, टॅक्सचं कसं करता, आकड्यांसकट सांगाल का प्लीज.

दुपारपाळी:
ताई, आधी दोन खाती करा. क्लायंटचा प्रत्येक पैसा धंद्याच्या खात्यात, आणि तिथून ठरलेल्या तारखेला ठरलेली एकच रक्कम घरच्या खात्यात, तोच तुमचा पगार, महिना जोरात गेला तरी तेवढाच आणि कोरडा गेला तरी तेवढाच. पाणी धरणात साठतं आणि नळाला रोज सारखंच येतं तसं.

आता रक्कम किती. मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष किती जमा झालं ते बँक स्टेटमेंटवरून काढा, इनव्हॉइसच्या तारखेवरून नको, नाहीतर अडकलेले पैसेही कमाईत धरले जातात. समजा सरासरी महिन्याला १०० येतात. त्यातले १५ सॉफ्टवेअर, इंटरनेट, उपकरणं असल्या धंद्याच्या खर्चाला, २० टॅक्सला, उरले ६५. इथे बहुतेक जण ६५ च्या ६५ घरी नेतात. तुम्ही ५० घ्या. दर महिन्याला १५ मागे पडतील, म्हणजे १० महिन्यांत १५० झाले, तीन महिन्यांचा पगार, हाच तुमचा बफर. तोपर्यंत पगार वाढवायचा नाही, कितीही मोठं पेमेंट आलं तरी. आणि ५० मध्ये घर चालतच नसेल तर मात्र ती अडचण कॅशफ्लोची (पैसे कधी येतात-जातात त्याची) नाही, रेटची आहे, आणि हे लवकर कळलेलं बरं कारण दोन्हीचे इलाज वेगळे.

टॅक्सचा टक्का अंदाजाने धरू नका. गेल्या वर्षी एकूण जेवढा टॅक्स भरला त्याला एकूण जमेने भागा, त्यावर थोडं चढवा, आणि पेमेंट आलं की त्याच दिवशी तेवढं तिसऱ्या खात्यात टाका. क्लायंट आधीच टॅक्स कापून देत असेल तर तेवढं कमी करा. पण बिलावर तुम्ही जो वेगळा कर लावून घेता तो तुमचा नाहीच, तो पूर्ण बाजूला. बऱ्याच देशांत आपल्यासारख्यांना टॅक्स वर्षातून तीन-चार हप्त्यांत भरावा लागतो, त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बारीकरेघ:
वरचं सगळं बरोबर, पण मला वाटतं बफरच्या आधी त्या ४५-६० दिवसांकडे बघायला हवं, कारण तो तुमचाच पैसा आहे आणि दुसरा माणूस तो बिनव्याजी वापरतोय.

मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले रोज पेमेंट करत नाहीत, महिन्यातून एक किंवा दोनदा सगळी बिलं एकदम देतात, तो रन असतो आणि त्याला कट-ऑफ तारीख असते, एक दिवस हुकला की बिल पुढच्या रनला. त्यात अट ‘महिनाअखेरपासून ३० दिवस’ अशी असेल तर २ तारखेचं बिल ५८ दिवसांनी सुटतं आणि २९ तारखेचं ३१ दिवसांनी (३० दिवसांचा महिना धरून). म्हणजे २९ ला संपलेलं काम आणि ‘बिल नंतर निवांत पाठवू’ म्हणून चार दिवस गेले की पैसे जवळपास एक महिना लांबले. काम दिलं त्याच दिवशी बिल. आणि त्यावर पर्चेस ऑर्डर नंबर (त्यांनी दिलेल्या कामाच्या ऑर्डरचा), वेंडर कोड (त्यांच्याकडचा तुमचा नोंदणी क्रमांक), बँकेचे तपशील सगळं असू द्या. एखादी गोष्ट राहिली तर बिल तिकडे कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं आणि आपल्याला कुणी कळवतही नाही.

दुसरं, शेवटचा हप्ता ‘अप्रूव्हल झाल्यावर’ असा कधीच लिहू नका. अप्रूव्हल त्यांच्या हातात असतं. ‘फायनल ड्राफ्ट दिल्यापासून १५ दिवस किंवा अप्रूव्हल, जे आधी होईल ते’ असं लिहा. नवीन क्लायंटकडून ३० ते ५० टक्के अ‍ॅडव्हान्स, ओरिजिनल फाइल्स पूर्ण पेमेंटनंतर. पण अ‍ॅडव्हान्स आला म्हणून तो कमावला असं धरायचं नाही, काम रद्द झालं तर परत द्यावा लागू शकतो.

कोरापान:
दोघांचेही खूप खूप आभार, असं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. एक विचारायचं राहिलं, कार्डावर थोडी बाकी आहे. आधी बफर करू की आधी कार्ड फेडू?

दुपारपाळी:
आधी कार्ड. त्याच्या व्याजाएवढा परतावा कुठलीच सुरक्षित गुंतवणूक देत नाही. शिवाय बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मिनिमम ड्यू भरून भागलं असं वाटतं, पण मुद्दल जवळपास तिथेच असते.

नदीकाठ:
थोडं वेगळं मत मांडते. सगळा पैसा कार्डात घातला आणि पुढच्याच महिन्यात पेमेंट लांबलं तर परत कार्डच वापरावं लागणार, ते चक्र तुटत नाही. म्हणून आधी एका महिन्याचा पगार बाजूला, मग सगळा जोर कार्डावर, ते शून्य झालं की बफर तीन महिन्यांपर्यंत. व्याज थोडं जास्त जाईल हे मान्य, पण उद्याचं भाडं निघणार हे माहीत असलं की माणूस पडेल त्या रेटला काम घेत नाही, ती किंमत कुठल्याच हिशोबात दिसत नाही.

आणि ताई, निम्मी कमाई एका क्लायंटकडून म्हणता तर तीन महिने मला कमी वाटतात. त्यांनी उद्या काम थांबवलं तर तेवढं काम दुसरीकडून उभं राहायला किती महिने लागतील, अधिक त्या नव्या कामाचे पैसे हातात यायला किती, ही बेरीज करा. माझ्या मते तुमच्या बाबतीत ते पाच-सहाच्या खाली येणार नाही. घाबरवायचं नाहीये, पण मोठा क्लायंट जातो तेव्हा सहसा काहीही न सांगता जातो, तिकडचा माणूस बदलतो, बजेट फिरतं, आणि आपल्या कामाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

वर्षातून एकदा येणारे खर्चही विसरू नका, विमा, सॉफ्टवेअर रिन्यूअल, कधीतरी नवीन कॉम्प्युटर. सगळ्यांची बेरीज भागिले १२, तेवढं दर महिन्याला धंद्याच्या खर्चातच धरा.

बारीकरेघ:
+१. एक साधी शीट बनवा, पुढचे १३ आठवडे, प्रत्येक आठवड्याला येणार किती, जाणार किती, शेवटी शिल्लक किती. कंपन्या पण हाच १३ आठवड्यांचा तक्ता वापरतात. येणारे पैसे तो क्लायंट खरोखर ज्या दिवशी देतो तिथे टाका, बिलावरच्या तारखेला नाही. रिकामा आठवडा दीड महिना आधी दिसतो, तेव्हा फॉलोअप किंवा छोटं अ‍ॅडव्हान्सवालं काम घेणं हातात असतं.

कोरापान:
आज मोठ्या क्लायंटच्या अकाउंट्सला मेल टाकला होता, लगेच उत्तर आलं. कट-ऑफ दर महिन्याची २५ तारीख. माझी बिलं आजवर २८-३० ला जायची!! नदीकाठ ताईंचं पटलं, आधी एक महिन्याचा पगार मग कार्ड. एका कामाचे दोन टप्पे २० तारखेपर्यंत होतील, पूर्ण काम पुढच्या महिन्यात. दोन टप्प्यांचं बिल वेगळं देता येईल का?

बारीकरेघ:
करारात टप्पे लिहिले असतील तर सरळ द्या. नसतील तर आजच प्रोजेक्टवाल्या माणसाला विचारा, तो हो म्हणाला की ते मेलवर घ्या आणि त्या मेलची तारीख बिलावर टाका. २२ च्या आत पाठवा, काही दुरुस्ती सांगितली तर दोन-तीन दिवस हातात राहतील.