मदत हवी आहे: गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला कुठलं सॉफ्टवेअर वापरावं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं. पाणी समितीत आकडेमोडीचं काम माझ्याकडे आहे. पावसाळा सरताना ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून रब्बीची पिकं ठरवायची, असं गावानं ठरवलंय. हिवरे बाजार शेजारच्याच तालुक्यात, तिथे ग्रामसभेत हे वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे कल्पना कुणाला पटवावी लागली नाही. अडतंय ते मांडणीत.

सध्या सगळं एक्सेलमध्ये आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. म्हणजे 800 हेक्टर शिवारात 450 मिमी पडला तर 3,600 टीसीएम (हजार घनमीटर; एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर). त्यातून बाष्पीभवन, वाहून गेलेलं, माणसांचं, जनावरांचं वजा केलं की शेतीला काय उरतं ते कळतं. पण तो आकडा भिंतीवर दिसला की सभा एकतर गप्प होते, नाहीतर तुटून पडते. एका आजींनी विचारलं, "आमचा कांदा ठिबकवर आहे, त्यालाही पाटपाण्याएवढंच पाणी धरायचं का?" अगदी रास्त प्रश्न. त्याचं उत्तर तिथल्या तिथे आकडा बदलून दाखवता यायला हवं.

दुसरी अडचण मोठी आहे. वरच्या वस्तीच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात, ओढ्याकाठच्या मेपर्यंत चालतात. खाली बेसॉल्टचा कातळ, एका बांधाला पाणी तर पलीकडे कोरडं. अख्ख्या गावाची एकच बेरीज दाखवली की वरच्यांना तो हिशोब आपला वाटतच नाही.

मला हवंय ते असं: सभेत कुणी म्हणालं, "कांदा कमी करा, हरभरा वाढवा", की मार्चमध्ये कुठल्या भागातल्या विहिरींना किती पाणी राहील ते लगेच दिसावं. मराठीत, इंटरनेटशिवाय, साध्या लॅपटॉपवर.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गट नंबरनुसार विहिरी टाकून झाल्यात. नकाशा लोकांना आवडतो, आपली विहीर शोधायला पुढे येतात, पण पिकं बदलून परिणाम दाखवणं मला त्यात जमलेलं नाही. स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटच्या 'वीप' (WEAP) या पाणी नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि आपल्यासारख्या देशातल्या ना-नफा संस्थांना परवाना मोफत मिळतो. मात्र ते मुख्यतः नदीखोऱ्यांसाठी वापरतात. एका गावापुरतं कुणी चालवून पाहिलंय का? पोकरा या राज्य सरकारच्या शेती प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईनं ताळेबंदाचं काम केलं, ते कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा. एक्सेलमध्येच हे होत असेल तर उत्तमच, माझी फाइल पाठवतो.

आणखी एक. सभेत आकडे बदलायचा अधिकार तुमच्याकडे कुणाला असतो? लॅपटॉप समितीच्याच हातात राहिला तर आधीच ठरवून आलेत असं वाटणार. वरच्या वस्तीतल्या बायकांना आधी वेगळं बसवून त्यांचे आकडे त्यांच्याकडूनच भरून घ्यावेत असं माझ्या मनात आहे. हे कुणी केलं असेल तर अनुभव नक्की लिहा.

कांद्याचं रोप टाकायच्या आधी सभा घ्यायची आहे. एकदा रोप टाकलं की कुणी मागे फिरत नाही.